ड जीवनसत्त्वाची पुडी आणि पावसाळ्यातली सर्दी

डिचोलीच्या एका ताईंनी विचारले आहे: घरातल्या तिघांची ‘फुल बॉडी’ तपासणी करून घेतली. त्यांचे स्वतःचे ड जीवनसत्त्व १३ (नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर) आले, चौदा वर्षांच्या मुलाचे १९, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या सासऱ्यांचे १६. मुलाला जून लागला की सर्दी धरते ती चतुर्थीपर्यंत सोडत नाही. फार्मसीवाल्याने तिघांनाही आठवड्याला एक साठ हजार युनिटची पुडी सुचवली. नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर ‘डी’ ६० च्या वर ठेवा, फ्लू, कोविड, डेंग्यू काही जवळ येणार नाही, असा निरोप फिरतो आहे. मग सगळ्यांनी सुरू करावे का? आणि गोव्यासारख्या उन्हाच्या मुलखात ही कमतरता येतेच कशी?

ताई, तुमची स्वतःची कमतरता खरी आहे, ती भरून काढा. मुलाच्या सर्दीचे कारण बहुधा वेगळे आहे. सासऱ्यांना ड जीवनसत्त्व देण्याआधी त्यांच्या बीपीच्या गोळ्यांची चिठ्ठी डॉक्टरांना दाखवा. आणि ६० च्या वरची गोष्ट डोक्यातून काढून टाका. हे असे का म्हणतो ते आता जरा फुरसतीने सांगतो.

आधी उन्हाचे. गोवा विषुववृत्ताच्या उत्तरेला साधारण १५ अंशांवर आहे. डिसेंबरातही भर दुपारी इथे माणसाची सावली त्याच्या उंचीपेक्षा आखूड पडते. त्वचेत ड जीवनसत्त्व तयार करणारे अतिनील-बी किरण जमिनीपर्यंत नीट पोचतात ते अशाच वेळी, सूर्य वर असताना. नॉर्वेत किंवा इंग्लंडात हिवाळ्याचे काही महिने हे किरण जवळजवळ मिळतच नाहीत. आपल्याकडे तसा एकही महिना नाही. उणीव आहे ती आपण त्या उन्हात नसतो याची.

सकाळी सातचे कोवळे ऊन अंगाला बरे वाटते, पण त्यात हे किरण फारच थोडे. ते भरपूर असतात साधारण साडेदहा ते तीन या वेळात, आणि तेव्हा आपण पणजीच्या ऑफिसात एसीखाली, शाळेच्या वर्गात, नाहीतर गाडीच्या काचेआड. खिडकीच्या काचेतून ऊन दिसते, तापवतेही, पण अतिनील-बी किरण काच अडवते. स्कूटरवरून जाणाऱ्या बायका तर डोक्याला स्कार्फ, हातात लांब मोजे, वर जॅकेट अशा बंदोबस्तात असतात. त्यांना दोष देत नाही, मे महिन्यातले ऊन मलाही सोसत नाही. सावळ्या त्वचेतले मेलॅनिन हेच किरण शोषून घेते, म्हणून आपल्याला गोऱ्या माणसापेक्षा जास्त वेळ लागतो. वय वाढले की त्वचेची ही क्षमताही कमी होते. सोप्यावर पेपर वाचत बसणारे सासरे उजेडात असतात, उन्हात नसतात.

त्यात पावसाळा आला की ढग. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंदी, म्हणजे बांगडे, तारले, पेडवे हे तेलकट मासे बाजारातून आटतात, आणि नेमके ह्याच माशांत ड जीवनसत्त्व चांगले असते. बंदी उठते तोवर श्रावण लागतो. तुमच्यासारख्या श्रावण पाळणाऱ्या घरात मग चतुर्थी होईपर्यंत ऊनही नाही आणि मासाही नाही. साठा आटायला एवढे पुरते. बारमाही शाकाहारी घरांत तर आहारातून ड जीवनसत्त्व येण्याचे मार्गच मोजके: अंडे चालत असेल तर त्याचा बलक, आणि पिशवीवर निळे ‘+एफ’ चिन्ह असलेले दूध-तेल. त्या दुधात लिटरमागे २०० ते ३०० युनिटच्या आसपास असते. प्रौढाची रोजची गरज ६०० युनिट धरतात, तेव्हा चहापुरत्या दुधाने भागत नाही हे उघड आहे.

उन्हाचा एक गुण पुडीला नाही. त्वचेत ठरावीक मर्यादेपलीकडे ड जीवनसत्त्व साठू लागले की तेच ऊन जादा मालाचे निरुपयोगी पदार्थांत रूपांतर करते. म्हणून दिवसभर होडीवर राबणाऱ्या रापणकारालाही ड जीवनसत्त्वाची विषबाधा होत नाही. पुड्यांनी होते; त्याकडे पुढे येतो.

आता विषाणूंचे. व्हॉट्सअॅपवरचा निरोप अगदी हवेतून आलेला नाही. त्याच्या मुळाशी फार सुंदर विज्ञान आहे. बिघडले ते त्याच्यापुढच्या टप्प्यावर.

उन्हातून किंवा अन्नातून आलेले ड जीवनसत्त्व यकृतात जाते आणि तिथे त्याचे २५-हायड्रॉक्सी रूप तयार होते. तुमच्या रिपोर्टात छापलेला आकडा ह्या साठ्याचा. हा साठा स्वतः फारसे काम करत नाही. मूत्रपिंडात त्यावर शेवटची प्रक्रिया होऊन कॅल्सिट्रायॉल हे सक्रिय संप्रेरक बनते, आणि ते आतड्यातून कॅल्शियम रक्तात ओढून घेते. कितपत बनवायचे ते पॅराथायरॉइड ग्रंथी ठरवते. कॉलेजात आम्ही एवढेच शिकलो होतो: ड जीवनसत्त्व म्हणजे हाडे, मुडदूस, संपले.

पण सारकॉइडोसिस नावाच्या आजाराने डॉक्टरांना कोड्यात टाकले होते. ह्यात फुप्फुसात भक्षक पेशींच्या गाठी होतात आणि काही रुग्णांचे रक्तातले कॅल्शियम विनाकारण चढते. १९८० च्या दशकात मूत्रपिंडे नसलेल्या रुग्णातही कॅल्सिट्रायॉल वाढलेले सापडले. मग ते बनवत होते कोण? त्या गाठींतल्या भक्षक पेशीच, ज्यांना आम्ही मॅक्रोफेज म्हणतो. पुढे कळले की मॅक्रोफेज, श्वासनलिकेचे अस्तर, काही लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) अशा कितीतरी पेशींकडे साठ्याचे सक्रिय रूप करणारे विकर (एन्झाइम) स्वतःचे असते, आणि ते रूप ओळखणारा ग्राहकही (रिसेप्टर) असतो. त्यांना पॅराथायरॉइडचा हुकूम लागत नाही. जंतूची चाहूल हाच त्यांचा हुकूम.

आपल्या खाजन शेतीत, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतांत, मानस असते ना, नदीच्या भरती-ओहोटीच्या दाबानेच उघडमीट करणारे लाकडी दार, तसे हे. जलस्रोत खात्याच्या माणसाने येऊन चक्र फिरवण्याची वाट ते बघत नाही; पाणी चढले-उतरले की जागच्या जागी काम होते. फक्त बाहेर नदीला पाणी हवे. रिपोर्टातला आकडा त्या नदीच्या पातळीचा. कोरडी पडली तर दार उघडून उपयोग नाही. पण पाणी पुरेसे असल्यावर आणखी पूर आणून दार जास्त चांगले चालेल, असेही नाही. ह्यातला पहिला भाग सगळ्यांना पटतो. दुसरा पटवताना ओपीडीत माझा घसा बसतो.

२००६ साली ‘सायन्स’ ह्या नियतकालिकात एक महत्त्वाचे संशोधन आले. माणसाच्या मॅक्रोफेजला क्षयाच्या जंतूची खूण पटली की ती आपले ड जीवनसत्त्वाचे यंत्र चालू करते आणि त्यातून कॅथेलिसिडिन नावाचे जंतुनाशक प्रथिन बनवते, हे त्यात दाखवले होते. साठा कमी असलेल्या रक्तद्रवात पेशी ठेवल्या तर हे प्रथिन कमी बनले. ड जीवनसत्त्व घातल्यावर वाढले. शंभर वर्षांपूर्वी क्षयाच्या रुग्णांना उन्हात झोपवत, कॉड माशाच्या यकृताचे तेल पाजत. त्याला असा रेणूंच्या पातळीवरचा आधार मिळाल्यासारखे वाटले. ह्या दुव्याची आणखी एक गंमत: कॅथेलिसिडिनच्या जनुकावर ड जीवनसत्त्वाचा हा खटका माणसात आणि इतर प्रायमेट प्राण्यांत आहे, उंदरात नाही. त्यामुळे उंदरांवरचे निष्कर्ष इथे डोळे मिटून घेता येत नाहीत.

हेच प्रथिन विषाणूंच्याही कामी येते. फ्लू, आरएसव्ही आणि कोरोना ह्या विषाणूंभोवती चरबीचे पातळ वेष्टन असते. कॅथेलिसिडिन ते भोसकते. नाका-घशाच्या अस्तरात ते असते, म्हणजे शत्रू आत शिरतो त्याच दारावर. प्रयोगशाळेत हे व्यवस्थित दिसते. डेंग्यूच्या विषाणूलाही वेष्टन असते, पण तो येतो डासाच्या सोंडेतून थेट त्वचेत. नाकाच्या अस्तराचा पहारा त्याला लागतच नाही. डेंग्यूवर ड जीवनसत्त्वाचे प्रयोग प्रयोगशाळेतल्या बशीत झाले आहेत, पण ते देऊन माणसाचा डेंग्यू टळतो असा पुरावा नाही. तुळशीवृंदावनाजवळची पाण्याची बादली, फ्रिजमागचा ट्रे आणि गॅलरीतल्या कुंड्यांखालच्या बशा दर आठवड्याला रिकाम्या करा, तेवढ्याने पुडीपेक्षा जास्त होईल.

ड जीवनसत्त्वाची दुसरी बाजू ‘इम्युनिटी बूस्टर’ विकणारे सांगत नाहीत. पहिल्या फळीला ते धार लावते, पण दुसऱ्या फळीला, म्हणजे टी-पेशींना, ते आवरते. भडका उडवणारे निरोप कमी करते, शांत करणाऱ्या नियामक पेशींना बळ देते. विषाणूच्या आजारात बरेचदा शरीराचे नुकसान विषाणूपेक्षा आपल्याच प्रतिसादाच्या अतिरेकाने होते. कोविडच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही ते रोज पाहत होतो. तेव्हा हे आवरणे ऐकायला फारच आशादायक होते. पण ‘प्रतिकारशक्ती वाढवते’ एवढेच म्हणणे चुकीचे आहे. ते प्रतिसाद बदलते, आणि त्यातला एक भाग मुद्दाम कमी करते.

इथपर्यंत सगळे उत्तम. मग आली माणसांवरची पाहणी. कोविडच्या काळात देशोदेशीच्या इस्पितळांतून एकच सूर निघाला: जे जास्त आजारी, त्यांचे ड जीवनसत्त्व कमी. निष्कर्ष सोपा वाटला. पण माणूस गंभीर आजारी पडला की त्याच्या रक्तातला हा आकडा आपोआपच खाली येतो. गुडघा बदलण्याची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांचे रक्त तपासले तेव्हा दोन दिवसांत हीच पातळी सुमारे ४० टक्के घसरलेली आढळली. दोन दिवसांत ना त्यांचे ऊन कमी झाले, ना आहार एवढा बदलला. सूज आली की ड जीवनसत्त्व वाहून नेणारी प्रथिने रक्तातून कमी होतात, आकडा पडतो. म्हणून तापात किंवा ताप उतरल्यावर लगेच केलेल्या तपासणीवर मी विश्वास ठेवत नाही. शिवाय म्हातारा, लठ्ठ, मधुमेही, घराबाहेर न पडणारा माणूस कोविडने जास्त आजारी पडतो, आणि त्याच माणसाचे ड जीवनसत्त्व आधीपासून कमी असते. दोन्ही गोष्टी एकाच घरात राहतात म्हणून एकीने दुसरी घडवली असे होत नाही.

खरे-खोटे कळायचे तर चिठ्ठ्या टाकून अर्ध्यांना ड जीवनसत्त्व आणि अर्ध्यांना दिसायला तशीच पण रिकामी गोळी द्यावी लागते. अशा चाचण्या आता भरपूर झाल्या आहेत, आणि त्या सगळ्या एका सुरात बोलत नाहीत.

मंगोलियात उलानबातरच्या शाळकरी मुलांना हिवाळ्यात रोज ३०० युनिट घातलेले दूध दिले. त्या मुलांची मुळातली पातळी होती ७ च्या आसपास, म्हणजे तुमच्या निम्मी. त्यांच्यात श्वसनाचे आजार जवळजवळ निम्म्यावर आले. २०१२ चा हा निकाल वाचून मी स्वतः उत्साहात आलो होतो. जपानमध्ये शाळकरी मुलांना रोज १२०० युनिट दिले, तर ए प्रकारचा फ्लू १८.६ टक्क्यांवरून १०.८ टक्क्यांवर आला. बी प्रकारच्या फ्लूत मात्र तसा फायदा दिसला नाही. याउलट न्यूझीलंडमध्ये ३२२ प्रौढांवर दीड वर्ष चाचणी केली. निम्म्यांना महिन्याला एकदम मोठा डोस दिला, पहिले दोन महिने २ लाख युनिट आणि पुढे १ लाख. सर्दी-खोकल्यात फरक शून्य. ब्राझीलमध्ये कोविडने दाखल झालेल्या २४० रुग्णांना २ लाखांचा एकच डोस किंवा रिकामे औषध दिले. इस्पितळातले दिवस कमी झाले नाहीत. इंग्लंडमध्ये ६२०० लोकांवर, रक्त तपासून कमी असेल त्यालाच ड जीवनसत्त्व देण्याची चाचणी झाली, नॉर्वेत ३४ हजारांवर लोकांवर कॉड तेलाची. दोन्ही २०२२ च्या, दोन्हीकडे कोविड किंवा श्वसनाचा आजार टळला नाही.

सगळ्या चाचण्या एकत्र मोजणारा हिशेब २०१७ मध्ये आला तेव्हा फायदा लहान पण स्पष्ट होता. ज्यांची पातळी १० च्या खाली आणि ज्यांनी रोज किंवा दर आठवड्याला थोडे थोडे घेतले, त्यांच्यात जास्त. २०२१ मध्ये नवीन चाचण्या मिळवल्या तर तो आणखी लहान झाला, तरी रोज ४०० ते १००० युनिट घेणाऱ्यांत आणि मुलांत काहीसा उरला होता. २०२५ चा हिशेब ६४ हजार लोकांचा. त्यात एकूण फायदा इतका आकसला की तो योगायोगही असू शकतो, आणि वय, मूळ पातळी किंवा डोसची पद्धत यांनी वेगळा उठून दिसणारा गटही उरला नाही. नवे पुरावे येतील तसा फुगा मोठा व्हायला हवा होता. तो दर खेपेला लहान होत गेला. मला ह्या दिशेचे महत्त्व कुठल्याही एका आकड्यापेक्षा जास्त वाटते.

आणि क्षय, जिथून ही आशा सुरू झाली? त्याच मंगोलियात ८८५१ मुलांना तीन वर्षे दर आठवड्याला १४,००० युनिट दिले. जवळपास सगळ्या मुलांना मुळात कमतरता होती, म्हणजे फायदा दिसायला याहून चांगली जागा नाही. २०२० मध्ये निकाल आला: क्षयाचा संसर्ग कमी झाला नाही. बशीत पेशीने जे केले ते मुलांच्या शरीरात मोजण्याइतके उतरले नाही.

मोठ्या डोसाचे काय बिघडते, ह्याबद्दल माझे मत अनेक सहकाऱ्यांपेक्षा कडक आहे. एकदम लाखभर युनिट पोटात गेले की शरीर त्याकडे लोंढा म्हणून बघते. ड जीवनसत्त्व मोडून टाकणारे विकर वाढते, हाडांतून एफजीएफ-२३ नावाचे संप्रेरक वाढते आणि तेही सक्रिय रूप बनवणे कमी करते. ही मोडतोड बराच काळ चालू राहते. रिपोर्टातला आकडा मात्र छान दिसतो, कारण तो साठा रक्तात दोन-तीन आठवडे टिकतो. मूळ ड जीवनसत्त्व, जे काही पेशींत थेट शिरते, ते एखाद्या दिवसात ओसरते. म्हणून पेशींच्या दृष्टीने महिन्यातून एकदा पूर आणि बाकी दिवस कोरड, तर रोजच्या थोड्या डोसात रोजचा पुरवठा. ऑस्ट्रेलियात वयस्कर बायकांना वर्षातून एकदा ५ लाख युनिट दिले, तेव्हा पडणे आणि हाड मोडणे कमी व्हायच्या ऐवजी वाढले. हा निकाल २०१० चा आहे. तरीही ‘वर्षाचे एकदाच इंजेक्शन द्या, झंझट नको’ म्हणणारे लोक माझ्याकडे येतात. सहा लाखांचे इंजेक्शन मी देत नाही.

पुड्यांच्या विषबाधेचे एक उदाहरण सांगतो. पेडण्याच्या बाजूची साठीतली बाई, तोंडाला कोरड, बद्धकोष्ठ, सारखी लघवी, मग उलट्या आणि शेवटी बोलण्यात गोंधळ. घरच्यांना वाटले डोक्याचे काहीतरी आहे. रक्तातले कॅल्शियम चढून १३ च्या वर, मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन दुपटीला. मुलाला म्हटले, घरात जेवढी औषधे आहेत ती सगळी पिशवीत घालून आण. पिशवीतून साठ हजारांच्या पुड्यांची रिकामी पाकिटे निघाली, सोबत ड जीवनसत्त्व असलेल्या कॅल्शियमच्या गोळ्या, आणि कोणीतरी गुडघेदुखीसाठी दिलेल्या इंजेक्शनची कुपी. चिठ्ठीवर आठवड्याला एक लिहिलेले, पण बाई घेत होती रोज सकाळी दुधातून, कारण ‘ताकदीची पावडर’ म्हणून ती तिला आवडायची. ड जीवनसत्त्व चरबीत साठते. घेणे बंद केल्यावरही कॅल्शियम उतरायला आठवडे लागतात. सलाइनवर दिवस काढून ती बरी झाली, मूत्रपिंडाने मात्र थोडी किंमत मोजली. त्या दिवसापासून मी पुडीच्या चिठ्ठीवर नुसते ‘आठवड्यातून एकदा’ लिहीत नाही, ‘फक्त रविवारी’ लिहितो.

महामारीत आपण गोळ्यांवर फार भिस्त ठेवली, हे मला अजून बोचते. मे २०२१ मध्ये आपल्या राज्यात अठरा वर्षांवरील सगळ्यांना प्रतिबंध म्हणून आयव्हरमेक्टिन देण्याची घोषणा झाली, जागतिक आरोग्य संघटना तसे करू नका म्हणत असताना. ड जीवनसत्त्व, जस्त, सी ही तर प्रत्येक चिठ्ठीवर होती. लोक घाबरलेले होते, हातात काहीतरी द्यावेसे वाटते, ते समजते. पण ती सवय आता साथ संपल्यावरही फार्मसीच्या काउंटरवर राहून गेली आहे.

आता तुमच्या घराकडे.

तुमचे १३. २० च्या खाली कमतरता धरतात, १२ च्या खाली गंभीर. तुम्ही मधे आहात. ह्यावर उपचार करायचा तो हाडांसाठी आणि स्नायूंसाठी. जिना चढताना मांड्या भरून येतात का, कंबर आणि नडग्या ठणकतात का, ते डॉक्टरांना सांगा. दर आठवड्याला साठ हजारांची पुडी सहा ते आठ आठवडे ही आपल्याकडची रूढ पद्धत आहे, आणि खऱ्या कमतरतेत ठरावीक मुदतीसाठी ती मला मान्य आहे. वर एवढी टीका करून मान्य कशी? कारण इथे काम रिकामी टाकी भरायचे आहे, सर्दी अडवायचे नाही, आणि रोजची गोळी दोन महिने न चुकवता घेणारे पेशंट थोडेच असतात. तेलकट जेवणानंतर घ्या, उपाशीपोटी नको. टाकी भरली की पुडी बंद करून रोज ६०० ते १००० युनिटची साधी गोळी. आकडा २० च्या वर, फार तर ३० च्या आसपास आला की पुरे. ६० कशासाठी? त्या पातळीला विषाणू घाबरतात असे कोणत्याही चाचणीत दिसलेले नाही.

मुलाचे १९. खरे तर त्याची तपासणी करायचीच गरज नव्हती. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या एंडोक्राइन सोसायटीने (संप्रेरकांच्या तज्ज्ञांची संघटना) सल्ला दिला तोही असाच आहे: निरोगी माणसाची सरसकट तपासणी नको, १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना आणि ७५ च्या पुढच्यांना मात्र न तपासताही ड जीवनसत्त्व द्यायला हरकत नाही. मुलांच्या बाबतीत त्यांनी श्वसनाच्या आजारांचा संभाव्य फायदा धरला आहे. मला वर सांगितलेल्या कारणांनी त्या फायद्याची खात्री वाटत नाही, पण रोजच्या ६०० युनिटने चौदा वर्षांच्या वाढत्या हाडांचे भलेच होईल. त्याला पुडी नको.

त्याची सर्दी मात्र मला विषाणूंची वाटत नाही. जूनपासून चतुर्थीपर्यंत सलग चालणारी, दरवर्षी त्याच महिन्यांत येणारी सर्दी म्हणजे आधी अॅलर्जीचा विचार. दरवेळी ताप येतो का? की नुसते पाणी गळते, सकाळी उठल्यावर ओळीने शिंका, नाक चोळून चोळून त्यावर आडवी रेघ? आपल्याकडे पावसाळ्यात कपाटातल्या कपड्यांना, गादीला, उशीला, ओल आलेल्या भिंतीला बुरशी धरते. तो झोपतो त्या खोलीची मागची भिंत हात लावून बघा. कपाटाच्या मागे बघा. उशी किती वर्षांची आहे? रात्री खोकला येत असेल किंवा खेळताना छाती भरत असेल तर दम्याचीही तपासणी हवी. नाकातला स्प्रे महिनाभर नियमित वापरून जेवढा फरक पडेल तेवढा कुठल्याही पुडीने पडणार नाही, असा माझा अंदाज आहे.

सासरे. ७८ वर्षे, १६. त्यांना रोजचा लहान डोस मी देईन, पण आधी दोन गोष्टी बघेन. बीपीच्या गोळीत क्लोरथॅलिडोन किंवा हायड्रोक्लोरोथायझाइड आहे का. ही औषधे लघवीतून कॅल्शियम जाऊ देत नाहीत, त्यावर ड जीवनसत्त्वाचा भार पडला तर कॅल्शियम चढू शकते. दुसरे, क्रिएटिनिन आणि कॅल्शियम. पूर्वी मुतखडा झाला असेल तर तेही सांगा. पुडी त्यांना नको. ह्या वयात मोठ्या डोसांनी तोल जाऊन पडण्याची भीती मी वर सांगितलीच आहे.

विषाणूंपासून त्यांचा बचाव करायचा असेल तर फ्लूची लस घ्या, आणि ती एप्रिल-मे मध्ये. आपल्या किनारपट्टीवर फ्लूचा मोठा हंगाम पावसाळ्यात येतो, थंडीत एक छोटा. (युरोपात फ्लू हिवाळ्यात येतो म्हणून तो ड जीवनसत्त्वाच्या टंचाईशी जोडला गेला. आपल्याकडेही पावसात ऊन कमी आणि फ्लू जास्त, तेव्हा तो धागा इथेही जुळल्यासारखा दिसतो. पण दमट हवा, बंद खिडक्या, जूनमध्ये उघडणाऱ्या शाळा हे सगळे त्याच महिन्यांत येते.) न्यूमोनिया करणाऱ्या न्यूमोकोकस जंतूवरची लस घेतली नसेल तर तीही विचारा. ह्या वयातला न्यूमोनिया अनेकदा फ्लूच्या पाठीवर बसून येतो.

ऊनही सोडू नका. पाऊस उघडला की दुपारी कपडे वाळत घालायला जाल तेव्हा बाह्या वर करून वीस-तीस मिनिटे अंगणात थांबा, आठवड्यातून तीन-चार वेळा. चेहरा सावलीत चालेल. नोव्हेंबरपासून हे सोपे जाते. आणि तारले स्वस्त असतील तेव्हा खात जा. सुरमई-पापलेटाची हौस आहे ती असू दे, पण ह्या कामाला तारला-बांगडाच बरा.

पुड्या चालू असताना तहान वाढली, पोट साफ होईनासे झाले, मळमळ सुरू झाली किंवा लघवीला फार जावे लागू लागले तर पुढची पुडी घेऊ नका, आधी रक्तातले कॅल्शियम तपासून घ्या. सगळे सुरळीत असेल तर पुडी संपल्यावर तीन महिन्यांनी तुमची एकदाच तपासणी, तीही अंगात ताप नसताना, आणि फक्त ड जीवनसत्त्व व कॅल्शियम. फुल बॉडी पॅकेज घेऊ नका.